ओटीतलं वांग्याचं बी

एका नदीकाठच्या गावात एका माळ्याचं घर होतं. त्या घरची काटेरी वांगी अशी चवदार, की भरली वांगी शिजत असली की शेजारी काही ना काही निमित्त काढून डोकावायचेच. बी घरचंच. वांगी झाडावर पिवळी होईपर्यंत ठेवायची, बी राखेत घोळून वाळवायचं आणि सुक्या भोपळ्यात भरून चुलीवर टांगायचं.

त्या घरात एक रीत होती. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत नारळ-तांदळासोबत मूठभर वांग्याचं बी घालायचं.

म्हातारा माळी गेला आणि कारभार मुलाकडे आला. मुलगा कष्टाळू, पण हिशेबी. धाकट्या बहिणीचं लग्न लागलं, पाठवणीची वेळ आली. आई म्हणाली, "भोपळा काढ रे."

"अगं आई, आपलं बी गावोगाव गेलं तर आपली वांगी घेणार कोण? त्यापेक्षा मी तिला चांदीचे पैंजण आणलेत."

बहीण म्हणाली, "छान आहेत हो, दादा." पण जाताना तिची नजर चुलीवरच्या भोपळ्याकडे गेली. आईच्या ते काळजाला लागलं.

पुढच्याच पावसाळ्यात नदीला पूर आला. माणसं वाचली, पण मळा, चूल, भोपळा सगळं वाहून गेलं. मुलाने बाजारातून बी आणून लावलं. झाडं आली, वांगीही लागली, पण घरच्या कुणालाच घास गोड लागेना. वाडवडिलांची चव आपल्या हातून गेली, या विचाराने मुलगा खंगत चालला.

आई म्हणाली, "आत्याकडे जाऊन ये."

तो खाली मान घालून गेला. आत्याने सगळं ऐकलं आणि आपल्या चुलीवरचा भोपळा उतरवला. "तुझ्या आजीनं माझी ओटी भरली होती, त्याच बियांचं हे बी. धर उपरणं. पुरुषाची ओटी भरायची वेळ माझ्यावर आजच आली!" ती हसली. मुलाला मात्र रडू आवरेना.

पेरणीचे दिवस सरत आले होते. तरी तो घरी न जाता आधी बहिणीच्या गावी गेला आणि उपरण्याची गाठ तिच्यापुढे सोडली. "पदर पसर. यातलं अर्धं तुझं."

"अरे दादा, एवढंसं तर आहे! आधी तुझा मळा उभा कर. माझं पुढच्या वर्षी बघू."

"नको गं. आपल्यापाशी ठेवलेलं पुरात गेलं. आजीनं ओटीत घातलं तेवढंच उरलं."

बहिणीने पदर पसरला. त्या वर्षी दोन गावांत एकाच चवीची भरली वांगी शिजली, आणि आईने दोन्ही घरी पोटभर जेवून दोन्हीकडे सारखंच कौतुक केलं.

तात्पर्य: घरची रीत पुढच्या हाती देत राहावी; आपल्या हातून सुटली तरी आपल्याच कुणाच्या तरी घरी ती सापडते.