वडाची जोडी

त्या मुलखात कुणी कुणाच्या अंगावर जात नसे. हेवा होता, हाव होती, जुनी वैरेही होती. पण ती सारी पाने खेळून फेडली जात. दिवस कलला की पाणवठ्याकाठच्या सपाट खडकावर डाव बसे. खेळणाऱ्याने आपले अंग झाकणारे काहीतरी उपटून पुढे ठेवायचे. मोराने पीस, सशाने लव, घोरपडीने खवले, साळिंदराने काटे. जिंकेल त्याने सगळे घरी न्यायचे.

खेळ अवघड नव्हता. प्रत्येकाला झाडाची दोन पाने मिळत. ती पोटाखाली झाकून ठेवायची. आणखी तीन पाने एकेक करून खडकावर उघडी पडत, ती सगळ्यांची. एका जातीची पाने ज्याच्याकडे जास्त जमतील त्याचा डाव मोठा. बरोबरी झाली तर वड सगळ्यांच्या वर. माघार घ्यायची असेल त्याने आपली पाने कुणाला न दाखवता जागीच चावून गिळायची. काय गिळले ते विचारायचे नाही, अशी रीत होती. विचारत मात्र सगळेच.

साळिंदर जुना खेळणारा. हलकी पाने आली की तो दुसरा विचार न करता गिळून टाकी. हलक्या पानांपायी त्याचे फारसे काटे कधी गेले नव्हते. तरी त्याची उजवी कूस उघडी पडली होती आणि मानेवर काटे विरळ झाले होते. हे कसे झाले ते त्याला उमगत नसे. दोष तो घोरपडीच्या नशिबाला देई. घोरपड बहुतेक डाव सोडून देई. पण बसून राहिली की घेऊन जाई.

घरी दोन पिल्ले होती, त्यांचे काटे अजून मऊ होते. आणि मुलखाची रीत बिबट्या पाळत नसे. तो पाने खेळत नव्हता. अंधार पडला की साळिंदर पाठ बाहेर करून बिळाच्या तोंडाशी बसे. त्या घराला तेवढेच दार होते.

"आज जाऊ नका," साळिंदरीण म्हणाली. "दाराला भोकं पडलीत."

"तीच बुजवायला चाललोय. गेलेलं सगळं आज परत आणतो."

"तिकडं काय होतं ते मला इथं बसून कळतं."

"तुला? कसं?"

"चांगली पानं आली की तुमचं शेपूट वाजतं. पार इथवर ऐकू येतं. वाजलं की मी पोरांना आत ओढते. म्हणते, आता हरून येतील."

साळिंदराने तिच्याकडे रोखून पाहिले. मग तो निघाला. वाटेत दोनदा थांबला, दोनदा मागे वळून शेपटाकडे पाहिले, आणि स्वतःवरच चिडला.

डाव बसला. साळिंदराने पोटाखाली नाकाने चाचपले. एक वड होता. दुसराही वडच.

त्याने शेपूट खडकाला दाबून धरले. काटे ठेवले. पहिले पान उघडे पडले, तेही वडाचे निघाले, आणि दाबलेले शेपूट खडकावरच वाजू लागले.

"काय साळोबा," मोर म्हणाला, "मागनं गडगडायला लागलं. आपण आपलं आडोशाला गेलेलं बरं." त्याने दोन्ही पाने मटकावली. ससा आधीच चावू लागला होता.

घोरपड बसून राहिली. तिने खवले पुढे केले. साळिंदराने आणखी काटे उपटले. उपटताना दुखले, जिंकणाऱ्याला दुखतेच, असे त्याने मनाशी म्हटले.

दुसरे पान उंबराचे पडले. तिसरेही उंबराचे.

साळिंदराचे तीन वड झाले होते. तीन उंबर त्यांच्यापुढे खाली बसत. त्याला हरवायला चार उंबर हवेत, म्हणजे घोरपडीच्या पोटाखाली दोन्ही उंबरच हवेत. असे किती वेळा होते?

घोरपडीने मागच्या पायाने आपला ढीग पुढे सारला. ढिगात पिसे होती, लव होती आणि पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचे काटे होते. साळिंदराने ते ओळखले. ते त्याच्या उजव्या कुशीचे होते.

"तुझे उरलेले सगळे," घोरपड म्हणाली.

"लाव, लाव!" मोर ओरडला. "वाजवायला शेपूट आहे, लावायला छाती नाही व्हय?"

साळिंदराने पाठीवरच्या काट्याला दात लावले. ओढला मात्र नाही. शेपूट थांबत नव्हते. त्याने मोराकडे पाहिले, सशाकडे पाहिले. यांनी शेपूट ऐकले आणि पाने गिळली. घोरपडीनेही ऐकले. माझ्याकडे काय आहे ते हिला माझ्याइतकेच ठाऊक आहे. ठाऊक असून ही हलत नाही.

मागचे डाव त्याच्या डोळ्यांपुढून गेले. शेपूट वाजले की हलक्या पानांचे उठून जात आणि त्याला चिमूटभर लव मिळे. जो बसून राही तो मोठा निघे. दर वेळी तो त्याला नशीब म्हणत आला होता.

वडाची जोडी गिळणारा त्यांच्या कुळात झाला नव्हता. बापानेही कधी गिळली नव्हती. बापाचे काटे घोरपडीच्या घरात अंथरलेले होते.

"लवकर बोल," घोरपड म्हणाली.

त्याने मान खाली घातली, पहिले पान तोंडात घेतले आणि चावले. चीक कडू होता, टाळूला चिकटत होता. दुसरे पान घशात अडले. तेही त्याने खाली ढकलले. खडकावर ठेवलेले काटे गेले. पाठीवरचे राहिले.

"अरेच्चा!" मोर त्याच्या तोंडापाशी आला. "एवढं वाजत होतं की! काय गिळलंस? तोंड उघड बघू!"

वडाची जोडी होती, हे शब्द साळिंदराच्या जिभेवर आले होते. त्याने दात मिटले.

"मावशी, तू तरी दाखव," मोर घोरपडीला म्हणाला.

समोर कुणी उरले नसेल तर जिंकणाऱ्याने दाखवायचे नसते. घोरपडीने मान वाकवून आपली दोन पाने खाल्ली. साळिंदर तिच्या जबड्याकडे टक लावून बघत होता. तिच्या ओठांवर चीक आला. वडाचा चीक पांढरा असतो आणि उंबराचाही पांढराच.

तो उठला, खडकावरून उतरला, परत चढला, परत उतरला. मागे मोर अजून विचारत होता. साळिंदर पाण्याशी गेला आणि तोंड बुडवून घटाघटा प्याला. दातात अडकलेला पानाचा एक तुकडा सुटून पाण्यावर तरंगू लागला. वडाचा म्हणून ओळखू येण्याइतका मोठा होता. मोर जवळच होता. हाक मारली असती तर त्यालाही दिसला असता.

खालून एक मासोळी वर आली, तुकडा गिळून बुडी मारून गेली. पाणी हलले. साळिंदर ते थांबेपर्यंत तसाच उभा राहिला. थांबल्यावर त्यात त्याचे तोंड दिसले, आणि तोंडामागे, आभाळात उभे राहिलेले, काटे.