थंडी मोजणाऱ्या दोन बिया

बी मेली आहे की झोपली आहे, हे वरून कसं ओळखायचं? मी सगळ्यांना विचारलं.

माझी कुमुदताई होती, त्या काळातली ही गोष्ट. तिने उत्तरेकडच्या थंड डोंगरातून मेपलच्या झाडाच्या दोन बिया आणल्या होत्या, पंखवाल्या, एकमेकींना चिकटलेल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून तिने त्या फ्रीजमध्ये ठेवल्या. "तीन महिने थंडी खाऊ दे त्यांना, मगच त्या रुजतील," म्हणाली. ते तीन महिने भरायच्या आधीच ताई वारली.

"तुम्हाला उठवणारी गेली," फ्रीजमध्ये शेजारी ठेवलेली मिरची बियांना म्हणाली. "आता कुजा."

"आम्ही थंडी मोजतोय," थोरली बी म्हणाली. "मध्ये बोलू नकोस."

सुतक फिटल्यावर मावशीने फ्रीज धुवायला काढला. मी फडकं उघडलं आणि बघतच राहिलो. तिथल्या गारठ्यात, अंधारात, कुणाचा हात न लागता धाकटीला पांढरं मूळ फुटलं होतं. थोरली तशीच होती.

"ती मेलेली तोडून टाक रे," मावशी म्हणाली.

"तोडू नकोस," धाकटी म्हणाली. "थंडी तिनेच मोजली. मी नुसती ऐकत होते."

मी दोघींना न तोडता एकाच कुंडीत लावलं.