दुपट्याचा काठ

एका गावात जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवण्यात हयात घालवलेली एक वृद्धा होती. सारे तिला द्वारकाआत्या म्हणत. तिच्याकडे शिवण शिकायला येणारी शेवंता तशी पोक्त बाई. पण आत्यापुढे बसली की विद्यार्थिनीच. अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करता करता तिची उमेदीची वर्षे निघून गेली होती. आई गेली आणि शेवंताच्या अंगातले त्राणही संपले. अशात सासरी असलेल्या लेकीचा निरोप आला, पहिल्या बाळंतपणाला मला माहेरी ने. बातमी आनंदाची, पण शेवंताला पुढचे कष्टच आधी दिसले. पुन्हा जागरणे, पुन्हा शेकशेगडी, पुन्हा धुणी. तिने मनाशी ठरवून टाकले की लेकीला सासरीच राहायला सांगायचे आणि आईच्या लुगड्यांचे सुरेख दुपटे तेवढे पाठवून द्यायचे.

दुपटे शिवून झाले. आत्याने ते उलटसुलट पाहिले, गालाला लावले आणि टाके उसवायला घेतले. शेवंताच्या डोळ्यांत पाणी आले.

मग आत्याने चिंध्यांच्या टोपलीत हात घातला. लुगड्यांचा धडधाकट भाग दुपट्याला वापरून, रोजच्या धुण्याने विरलेला भाग शेवंताने तिथे टाकला होता. हे का टाकलेस, असे आत्याने विचारले.

"त्यात काही उरलंच नाही, आत्या. जरा ओढलं तरी फाटेल. माझ्यासारखंच झालंय ते." आणि मग लेकीला न आणण्याचा बेतही तिने सांगून टाकला.

आत्या शांतपणे म्हणाली, "बाई, तान्ह्या बाळाला असं धडधाकट कापड बोचतं. त्याच्या अंगाला हे विरलेलंच लागतं. पण तुझंही खरं आहे, याला ताण सोसायचा नाही. म्हणून ते मधोमध घालायचं आणि चारी बाजूंनी धड कापडाचा काठ लावायचा. ओढाताण सारी काठानं घ्यायची. मधलं कापडही आपणच आणि काठही आपणच, असं तू धरून बसलीस, तिथं चुकलं. लेकीला आण. तू बाळाला मांडीवर घेऊन बस. पाणी तापवायला, धुणी धुवायला आम्ही शेजारच्या बाया आहोत."

शेवंताने तो विरलेला तुकडा हातात घेतला. थकवा काही गेला नव्हता. पण लेकीला नाही म्हणण्याचे ओझे उतरले होते. ती काठासाठी कापड शोधू लागली, तेव्हा आत्याने आपल्या पेटीतले जपून ठेवलेले लुगडे काढले आणि त्याची पट्टी कापून तिच्यापुढे ठेवली.

आपल्याही घरात असे एखादे विरलेले माणूस असेल. त्याची ऊब घेताना, त्याला काठ कोणी लावला आहे का, तेवढे पाहावे.