वर जाणाऱ्या पाण्याची गोष्ट

"मग हे पाणी वर का जाते, ते तूच सांग," स्थविर अचलभद्र म्हणाले.

प्रश्न खरे तर निकानोराने विचारला होता. नाणेघाटाच्या माथ्यावर, कड्याच्या टोकाशी, दोघेही भिजत उभे होते. ओढा कड्यावरून खाली झेप घेत होता आणि दरीतून चढून आलेला वारा त्याला वरच्यावर झेलून पुन्हा माथ्यावर उधळीत होता.

निकानोर हा यवन, म्हणजे ग्रीक, व्यापाऱ्याचा मुलगा. घाटावरच्या बौद्ध लेण्यात तो वर्षभर स्थविरांच्या सहवासात राहिला होता. "मला शिष्य करून घ्या," अशी विनंती त्याने चार वेळा केली होती. चारही वेळा स्थविरांनी हसून विषय बदलला होता. आता पावसाळा सरत आला होता. पित्याचे जहाज कल्याणच्या बंदरात माल भरीत होते. या आठवड्यात होकार मिळाला नाही, तर त्याला समुद्रापार परतणे भाग होते.

हीच आपली परीक्षा, असे त्याने मानले.

"आमच्या देशात झऱ्याला, झाडाला, प्रतिध्वनीलासुद्धा कथा असते," तो म्हणाला. "वाऱ्याला नाव असते, कुळ असते आणि रागही असतो. तुमच्या या पाण्याला कथा नाही. मी देतो."

"दे."

तीन दिवस तो लेण्याच्या ओसरीत बसून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी त्याने स्थविरांना पुन्हा कड्यावर नेले आणि कथा सांगितली.

पर्वतराजाची धाकटी कन्या लिथेया. समुद्रराजाची आज्ञा होती की, प्रत्येक नदीने मस्तक लववून त्याच्या घरी यावे. सगळ्या बहिणी गेल्या. लिथेया मात्र कड्यावर थबकली आणि हसून म्हणाली, त्या खारट म्हाताऱ्याकडे मी जाणार नाही. समुद्रराज कोपला. तिला फरफटत आणण्यासाठी त्याने आपला पुत्र, पश्चिमेचा वारा, धाडला. वारा आला, तिला पाहिले आणि आज्ञा विसरला. त्याने तिला उचलून तिच्या पित्याच्या अंगणात परत नेले. तेव्हा समुद्रराजाने दोघांनाही शाप दिला: ती पडेल तेव्हा तू उचलशील, तू उचलशील तेव्हा ती पडेल, तिला ना पित्याचे घर, ना पतीचे. दरीत उडतात ते तुषार म्हणजे तिचे अश्रू.

स्थविर सबंध वेळ लहान मुलासारखे ऐकत होते. मध्येच "मग?" म्हणत होते. भिक्षू देवांचे अस्तित्व नाकारतील, या अपेक्षेने निकानोराने सात उत्तरे तयार ठेवली होती. एकाचीही गरज पडली नाही.

"फार सुंदर," स्थविर म्हणाले.

"तर मग, भंते, मी शिष्य...?"



तेवढ्यात जोंधळ्याच्या गोण्या घेऊन घाट उतरणारे ओझेकरी विसाव्याला थांबले. त्यांची म्होरकी मघा नावाची म्हातारी होती. चाळीस वर्षे ती हा घाट चढत-उतरत होती. स्थविरांनी सर्वांना जवळ बसवले आणि निकानोराला म्हणाले, पुन्हा सांग.

"सांगतो. पण यातला एकही शब्द हलवता येणार नाही, भंते."

"नको हलवू."

निकानोर उभा राहिला. त्याने आवाज चढवला. कथा वाऱ्यापर्यंत आली, तोच मघा म्हणाली, "हा वारा तिचा कोण?"

"प्रियकर."

"छे. भाऊ असेल."

वारा समुद्राकडून येतो, तो पर्वतकन्येचा भाऊ कसा होईल, असे निकानोराने शांतपणे समजावले.

"भाऊ कुठून आला, हे कोण विचारते, पोरा? आला, हे काय कमी?"

ओझेकरी हसले. मघा गोणीला टेकून आरामात सांगू लागली. पोर सासरी निघाली. उंबऱ्याबाहेर चार पावले गेली की भाऊ म्हणतो, आजचा दिवस राहा. ओढून घरात आणतो. ती पुन्हा निघते, तो पुन्हा आणतो. चार महिने हाच खेळ चालतो. मग एक दिवस तो दमतो आणि ती जाते.

"आणि शाप?" निकानोराने विचारले.

"शाप द्यायला कोणाला वेळ आहे? लग्नघर ते."

"पण ते अश्रू..."

"असतील. हसूनसुद्धा येतात."

एवढे बोलून तिने गोणी डोक्यावर घेतली. तांडा उतरणीला लागला. जाता जाता गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि प्रत्येकाने तीत काहीतरी घातले.

निकानोराचा चेहरा लाल झाला. "चुकीची सांगत आहेत," तो म्हणाला आणि त्यांच्यामागे धावला.

पहिल्या वळणावर त्याने त्यांना गाठले. समुद्रराज आता सासरा झाला होता. दाराशी दिवा घेऊन तो सुनेची वाट पाहत होता, आणि रोज तिच्या वाटणीचा भात निवत होता. निकानोराने चूक दाखवण्यासाठी तोंड उघडले...

नेमका त्याच वेळी वाऱ्याने ओढ्यातले ओंजळभर पाणी त्याच्या उघड्या तोंडात फेकले.

त्याला ठसका लागला. ठसक्यातून हसू आले आणि ते आवरेना. मघाने मागे वळून पाहिले आणि ती वाट उतरत राहिली.

तो परत आला तेव्हा नखशिखान्त भिजला होता.

"भंते, शाप गेला. लिथेया हे नावही गेले. गोष्ट कोणी रचली, हे तर त्यांनी विचारलेसुद्धा नाही."

"मग?"

"मग काय..." निकानोर स्थविरांच्या शेजारी ओल्या खडकावर बसला. "दुसऱ्या वळणापर्यंत मी मागे गेलो. तिथे ती भावाला चिमटा काढते आणि पळते. भंते, हे मला सुचायला हवे होते. उद्या ते परत चढतील, तेव्हा पुढे काय झाले ते विचारणार आहे."



"वडिलांना निरोप धाड," स्थविर म्हणाले. "जहाजावरच्या तुझ्या जागेत कापसाच्या दोन गासड्या मावतील."