चेंडू ओळखणारं गवत

तांबगिरीच्या महाराजांनी हुकूम सोडला, की मैदानावरच्या गवताने चेंडू ओळखला पाहिजे. महाराजांचा आला की वाट द्यायची, कुंभेरीच्या राजेसाहेबांचा आला की धरून ठेवायचा. दसऱ्याच्या सामन्याआधी गवताला एवढी अक्कल आली नाही, तर मेंढ्यांनी कुरण सोडून डोंगरापलीकडे जायचं.

आता यात मेंढ्यांचा काय गुन्हा? तर मैदान म्हणजेच कुरण, आणि तिथलं गवत राखायचं काम मेंढ्यांच्या दातांकडे होतं. मेंढ्या लगमी धनगरणीच्या. डोंगरापलीकडे नुसते धोंडे, म्हणजे कळपाच्या पोटावरच पाय!

हे गोल्फ नावाचं खूळ महाराजांनी सिमल्याहून आणलेलं. खेळ सोपा आहे, मला चौथी नापास होऊनही कळला. काठीने चेंडू मारत मारत लांबच्या भोकात घालायचा. भोकाभोवती मखमलीसारखं गवत, ते ग्रीन. तिथे चेंडूकडे नुसतं डोळे वटारून पाहिलं तरी तो घरंगळतो. मधला पट्टा न्हाव्याने नुकत्याच भादरलेल्या डोक्यासारखा, तो फेअरवे. तिथून चेंडू झकास उडतो. आणि कडेला माजलेलं रान, ते रफ. रफात चेंडू गेला की आधी सापडत नाही, सापडला तर निघत नाही, आणि निघालाच तर गवताचा भारा घेऊन निघतो.

महाराज रोज सकाळी सराव करत आणि दर दसऱ्याला हरत. त्यांचा चेंडू रफात अंडी उबवत बसायचा. कुंभेरीकरांचा कडेला गेला तरी पुढच्या फटक्याला टुणकन बाहेर. दिवाणसाहेबांनी खूप विचार करून सांगितलं, की गवत फितूर झालंय. दिवाणसाहेब बी. ए. होते.

लगमीने हुकूम शांतपणे ऐकला आणि एकच अट घातली.

"दसऱ्यापातूर सरकारांनी मैदानात पाय ठिवायचा न्हाई."

दिवाणसाहेब म्हणाले, सराव बुडेल.

"बुडू द्या की," लगमी म्हणाली. "सराव केला तवा तरी काय तरलं?"

दरबार आपापल्या जोड्यांकडे बघू लागला. पण महाराज हरून हरून इतके कंटाळले होते, की त्यांनी अट मान्य केली. लगमीने मैदानाच्या उजव्या कडेला जाळी ताणली आणि सगळा कळप तिकडे घातला.

दसरा उजाडला. महाराजांनी काठी फिरवली. चेंडू नेहमीप्रमाणे उजवीकडे वळला आणि सगळ्यांनी अदबीने आभाळाकडे पाहिलं. पण चेंडू बसला कुठे? चरून साफ केलेल्या गवतावर, ताटात वाढलेल्या लाडवासारखा! मग कुंभेरीकरांनी मारला. तो डावीकडे गेला आणि कमरेइतक्या गवतात गडप झाला. त्यांच्या माणसांना तिथे एक लावरी सापडली, तिचं घरटं सापडलं, कुणाचा तरी पंचा सापडला. चेंडू काही सापडला नाही. संध्याकाळपर्यंत हेच चाललं आणि महाराज जिंकले.

पागोटं सावरत त्यांनी लगमीला पुढे बोलावलं आणि विचारलं, की गवताला चेंडू ओळखायला शिकवलंस कसं?

"गवताला कुठं डोळं असत्यात, सरकार? वळखत्यात ती माझी मेंढरं. सरकारांनी काठी उचलली की उजव्या अंगाला एक मेंढरू थांबत न्हाई. समदी जीव घिऊन डाव्या अंगाला पळत्यात आन् तिथंच चरत्यात. म्हून उजवीकडं रान माजलं. त्ये रान सरकारांनीच रोज सकाळी उठून पिकवलं."

"आणि आमचं काय?" कुंभेरीकरांनी विचारलं.

"तुमचा चेंडू दरसाल डाव्या अंगालाच येतो, राजेसाहेब. आमच्या एडक्याचं शिंग त्यानंच मोडलं. पर तिथं गवात बारीक, म्हून तुमी तरत हुता. औंदा कळप हिकडं आला, तिकडचं गवात वाढलं."

दिवाणसाहेबांना एकाएकी खोकला आला. महाराजांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे पाहिलं, आणि असे हसले की पागोटं खाली पडलं. बक्षीस माग म्हणाले.

"हे कुरण द्या, सरकार. जास्त दिस नगं. सरकारांचा चेंडू सरळ जाईल त्या दिसापातूर."

महाराज डोळे पुसत दिवाणांकडे वळले.

"दिवाणजी, हिच्या पणतवंडांच्या नावानं करून टाका!"