खवले मांजरासाठी धाकटूची सायकलफेरी

कोकणातल्या एका गावात धाकटू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं काम तो अगदी चोख करायचा. पंचाईत तीच होती.

गावच्या शाळेत शिकवणाऱ्या वैद्यबाईंनी खवले मांजरं वाचवायला वर्गणी गोळा करायचं ठरवलं. हे जनावर मुंग्या खातं, अंगभर खवले वागवतं आणि कुणी डिवचलं की चेंडूसारखं गोल होतं. त्या खवल्यांपायी लोक त्याला मारतात. रानात आता थोडीच उरलीत. बेत असा, की एकानं सायकलवरून तालुक्याला जायचं आणि वाटेतल्या गावांनी त्याला पैसे द्यायचे. वाटेतला घाट आठवून कुणी तयार होईना. मग धाकटू उभा राहिला.

"मी जातो, बाई. आमच्या काजूच्या बागेत आलं होतं एक. माझ्यासारखंच गोंधळलेलं होतं बिचारं."

सायकल शेजारच्या नानांची होती. बाई म्हणाल्या, "जपून न्या हं. ओरखडा येता कामा नये. मी मागून स्कूटरवरून येते."

तासाभरानं बाईंनी गाठलं, तर धाकटू सायकल खांद्यावर घेऊन घाट चढत होता. घामानं निथळत होता. सायकलीला ओरखडा नव्हता.

"अहो, तिच्यावर बसायचं! बसायचं, पाय मारायचे आणि थांबायचं नाही!"

"चुकलंच, बाई. माझ्या मानेवर देवानं नारळ बसवलाय. त्यातही पाणी नाही."

पुढच्या गावात शाळेची मुलं पैशांची पाकिटं घेऊन उभी होती. सरपंच हार घेऊन उभे होते. धाकटू घंटी वाजवत मधूनच निघून गेला. हार हँडलला अडकून त्याच्याबरोबर गेला. सरपंच थोडक्यात वाचले.

"अहो, कुणी हात केला की थांबायचं! देतील ते घ्यायचं, हात जोडायचे!"

"चुकलंच, बाई. शाळेत मला बाकावर बसवायचे ते बाक हलू नये म्हणून."

पुढं फाट्यावर एका म्हातारीनं हात केला. तिनं तो एसटीला केला होता, पण एसटीच्या पुढं धाकटू होता. तो थांबला. "एवढं धर रे बाबा," म्हणत म्हातारीनं कोंबड्यांचं डालगं त्याच्याकडे दिलं आणि पिशवी उचलायला वाकली. धाकटूनं हात जोडले, डालगं कॅरियरला बांधलं आणि निघाला. म्हातारी पार पुढच्या पुलापर्यंत पळाली.

बाईंनी कोंबड्या परत केल्या, माफी मागितली. "अहो, आधी विचारावं, हे कुणाचं? आणि ज्याचं त्याला देऊन टाकावं!"

पुढच्या गावी बाजार होता. लोकांनी धाकटूच्या हँडलला टांगलेल्या वर्गणीच्या डब्यात भराभर नोटा टाकल्या.

"हे पैसे कुणाचे?" धाकटूनं विचारलं.

"आमचे."

"मग हे घ्या."

बघता बघता गर्दी वाढली. ज्यांनी काही दिलं नव्हतं, तेही म्हणाले, "आमचेच." बाई पोचल्या तेव्हा डब्यात एक रबरबँड होता. त्याचा मालक सापडला नव्हता.

या वेळी बाई ओरडल्या नाहीत. नुसत्या मैलाच्या दगडावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. धाकटूनं त्यांच्यापुढं हात जोडले.

"बाई, मला एकदाच नीट सांगा. जीव गेला तरी तसंच करीन."

"धाकटूभाऊ, हातात आलेलं सोडायचं नाही. कुणीही मागू दे. मी मागितलं तरी नाही."

तालुक्याला गर्दी लोटली होती. धाकटूच्या गोष्टी त्याच्या आधी पोचल्या होत्या, आणि हसून हसून लोकांनी डबा काठोकाठ भरला. धाकटूच्या हाती लागायच्या आधीच बाईंनी तो स्वतःच्या ताब्यात घेतला. त्यांचा चेहरा उजळला.

मग सगळे रानाच्या कडेला गेले. शिकाऱ्यांकडून सोडवलेलं एक खवले मांजर तिथं पेटीत होतं. वनरक्षकानं पेटी धाकटूच्या हातात दिली. "मान तुमचा, दादा. सोडा आता."

धाकटूनं पेटी छातीशी घट्ट धरली.

"सोडा की!" वनरक्षक म्हणाला.

"सोडा, सोडा!" लोक म्हणाले.

धाकटूनं सायकलवर टांग टाकली.

उतारावर पुढं धाकटू, त्याच्यामागं वनखात्याची जीप, जीपमागं बाईंची स्कूटर. बाई घसा फोडून ओरडत होत्या, "धाकटूभाऊ, अहो, द्या ते इकडे!"

धाकटूनं मान वळवली. आनंदानं त्याचे डोळे भरून आले होते.

"शिकलो, बाई! तुम्ही मागितलं तरी नाही!"