साती आसरांचा डोह

सह्याद्रीच्या कुशीतल्या शैलपूर नगरात विरूपसेन राजाचं राज्य होतं, त्या काळी बोधिसत्त्व नदीकाठच्या भोयांच्या कुळात जन्माला आले. नाव नंदिक. उभ्या आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, म्हणून भोयांनी त्यांना आपला नाईक केलं होतं.

नदी डोंगरातली. उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी पडायची आणि वरच्या अंगाला एकच खोल डोह उरायचा. उरलेसुरले सगळे मासे तिथे गोळा व्हायचे: कातळ चाटणारे मळे, वाळूत दडणाऱ्या मुऱ्या, हातभर लांबीचे खडस. या डोहात साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, राहतात, इथला मासा धरला तर त्या अख्खं कूळ बुडवतात, असं वाडवडिलांनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे तिथे कुणी जाळं टाकत नसे.

एका चैत्रात युवराजाचं लग्न निघालं. पंगतीला मासे हवेत आणि मासे तेवढ्या एकाच डोहात! पण राजा पडला देवभोळा. त्याने नंदिकांना बोलावून विचारलं, "नाईक, तू खोटं बोलत नाहीस म्हणतात. खरं सांग, डोहात आसरा आहेत का रे?"

एक 'हो' म्हटलं असतं, तर काम झालं असतं. आजा म्हणाला होता, बापही म्हणाला होता.

"नाहीत, महाराज," ते म्हणाले. "पण सबंध नदीचं बियाणं तिथे आहे. त्यातल्या कित्येक जाती या नदीबाहेर कुठेच नाहीत. पाया पडतो, तेवढा डोह सोडा."

"आसरा नाहीत ना? मग झालं तर!" राजा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाच्या माणसांनी गेळाची फळं ठेचून डोहात ओतली. त्या विषाने मासे झिंगून वर येऊ लागले. बोधिसत्त्वांनी धावपळ करून दोन घागरी मासे वरच्या झऱ्यात नेऊन सोडले. झऱ्याला पाणी घोट्याइतकंच. उन्हं तापली तसे तेही पालथे पडले. पंगतीत निम्मे मासे उष्ट्यात गेले.

पुढे पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहिली, पण जाळी रिकामीच वर येत. एकेक करून भोई गाव सोडून गेले. बोधिसत्त्वांची बायको सुमना म्हणाली, "एकदाच खोटं बोलला असता, तर काय जीभ झडली असती तुमची?"

आपल्या पूर्वजन्माची एवढी गोष्ट सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे काल आपल्याला भोजन देणारा श्रेष्ठी. सुमना म्हणजे दाराशी बसलेली ही म्हातारी उपासिका. आणि नंदिक तो मीच."

"आणि ते मासे, भन्ते?" एका भिक्षूने विचारलं.

शास्ते म्हणाले, "ते जीव कुठे ना कुठे जन्मले असतील. पण त्या माशांचा जन्म आता कुणालाच मिळायचा नाही. ती योनीच उरली नाही. खरं कधीच न सोडण्याची सत्यपारमिता म्हणतात ती हीच. पाळली मी, आणि मेले ते."